आधी मान कुणाचा

“मग बाहेरच्यानं आतल्यासाठी कधी थांबायचंच नाही का, बाई?”

सबनीसबाई स्वयंपाकघरात घेवड्याच्या शिरा काढत बसल्या होत्या. एक शेंग झाली की दुसरी...

दिग्विजय शेलारनं तोच प्रश्न पुन्हा विचारला, या खेपेला आवाज चढवून. आईबापांनी नावच दिग्विजय ठेवल्यावर पोराला हळू बोलायला शिकवणार कोण?

“ऐकू येतं मला,” बाई म्हणाल्या. “आधी चपला नीट काढून ये. एक आत आलीय तुझ्याबरोबर.”

त्यानं खाली पाहिलं. एक चप्पल उंबऱ्याबाहेर होती आणि दुसरी अजून पायातच होती. मेढ्याच्या स्टँडपासून चढ चढून येताना तो मनातल्या मनात इतका भांडत आला होता की पायांकडे लक्षच नव्हतं. तो मागे फिरला, चप्पल बाहेर ठेवून आला आणि भांडण जिथं सोडलं होतं तिथून पुढे चालू केलं.

बाई एके काळी पुण्याच्या एका कॉलेजात संगणक शिकवायच्या. नोकरी संपल्यावर त्या इथं माहेरच्या गावी दोन खोल्या बांधून एकट्या राहिल्या. त्यांच्या हाताखालून गेलेली माणसं मोठमोठ्या खुर्च्यांवर पोचली होती, पण बाईंचं नाव निघालं की अजूनही पाठ ताठ करून बसायची. बाईंचा वर्गात एकच नियम असे. माझं वाक्य पुरं होईपर्यंत कुणी जागचं हलायचं नाही. घंटा झाली तरी नाही, प्राचार्य दारात आले तरी नाही.

हा नियम इतक्या वर्षांत एकानंच मोडला होता. तो आता त्यांच्या समोर पाटावर बसला होता.

त्या दिवशी वर्गात बाई उतरंड शिकवत होत्या. उतरंड म्हणजे त्यांनीच लिहिलेला प्रोग्राम. संगणकात खोटं गाव वसवायचं आणि त्यावर काय काय गुजरेल ते आधीच पाहून घ्यायचं, असा तो खेळ. गावात वाडी, वाडीत घर, घरात माणूस. प्रत्येकाचं वेळापत्रक वेगळं, आणि माणसाचं वेळापत्रक घराच्या पोटात, घराचं वाडीच्या पोटात, वाडीचं गावाच्या पोटात. खरं तर एकात एक बसणाऱ्या डब्यांचं नाव शोभलं असतं. पण बाईंच्या आईच्या घरात गाडग्यामडक्यांची उतरंड होती आणि डबे नव्हते, म्हणून उतरंड.

आता संगणक कितीही शहाणा म्हटला तरी असल्या खेळात त्याला एका वेळी एकच पाऊल टाकता येतं. दोन गोष्टी एकाच क्षणी घडायच्या असल्या तरी एकीला आधी मान द्यावाच लागतो. जत्रेत पहिला नारळ कुणाचा, यावरून गावं डोकी फोडतात. संगणकात डोकी फुटत नाहीत, एवढाच काय तो फरक.

बाईंनी हा मान कायमचा ठरवून टाकला होता. आधी मान बाहेरच्याचा. गाव हललं की वाडी हलली, वाडी हलली की घर हललं, घर हललं की माणूस. आतल्यानं बाहेरच्याला अडवायचं नाही.

बाई हे सांगत असताना, वाक्य अर्ध्यावर असतानाच, दिग्विजय उठून उभा राहिला होता. आतल्याला विचारणारच नसाल तर त्याला वेगळं वेळापत्रक दिलंत कशाला, असं त्यानं विचारलं.

“उतलास. मातलास,” बाई म्हणाल्या होत्या. “आता घेतला वसा तेवढा टाकू नकोस.”

तो वर्गातून चालता झाला. परीक्षेला आला, पहिला आला, पण बाईंना भेटायला आला नाही. दोघांनाही आपापली घमेंड होती आणि दोघांनीही ती नीट सांभाळली.

आणि आज तो आला होता, कारण त्याच्यापुढे दुसरा रस्ता उरला नव्हता.

पाटबंधारे खात्यात तो कंत्राटी कामाला होता. काळकुंभ धरणाचे दरवाजे उघडण्याआधी खालच्या गावांना भोंगा किती वेळ आधी द्यायचा, हे उतरंडीवर पाहून सांगायचं, असं काम त्याच्याकडे होतं. धरणाच्या अगदी पायथ्याला कुंभळवाडी. तिथं त्याची हौसाआत्या राहते. आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवलं. वाडीतलं प्रत्येक घर त्याला आतून माहीत होतं, म्हणून त्यानं चाचणीत सगळं घातलं. माणसं घातली, पोरंटोरं घातली, गोठे घातले, गोठ्यातली जनावरंही सोडली नाहीत.

पहिली चाचणी झाली तेव्हा खात्यातले सगळे पडद्यासमोर जमले होते. भोंगा वाजला. गाव निघालं. अर्ध्या तासाच्या आत सगळी वाडी टेकडीवर, आणि पाणी मागून आलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी चहा सांगितला.

दिग्विजयनं टाळी वाजवली नाही. तो पडद्याच्या एका कोपऱ्याकडे बघत होता. टेकडीच्या माथ्यावर हौसाआत्याची म्हैस उभी होती. गळ्यात दावं होतं, आणि दाव्याच्या दुसऱ्या टोकाला गोठ्यातला खुंटा होता. म्हैस खुंट्यासकट टेकडी चढून आली होती.

सगळे हसले. हसण्यासारखंच होतं ते. पण ते का झालं, हे दिग्विजयला पाहताक्षणीच कळलं. म्हशीच्या वेळापत्रकात लिहिलं होतं, की धार काढून होईल, दावं सुटेल आणि मगच हलायचं. पण आधी मान गावाचा. गाव हललं आणि पोटातलं सगळं घेऊन वर गेलं. म्हशीला तिचा मान मिळेतो ती टेकडीवर पोचली होती.

बडे साहेब म्हणाले, “म्हशीला काढून टाका चाचणीतून.”

पण म्हशीला काढून भागत नव्हतं. म्हैस जशी बांधलेली वर गेली, तशीच तिच्या शेजारी उभी असलेली आत्याही वर गेली होती. तो रविवारी वाडीत गेला आणि आत्याला विचारलं, की भोंगा झाला तर तू काय करशील. आत्याला प्रश्नाचंच नवल वाटलं.

“म्हस सुटल्याबिगर मी हलायची न्हाय,” ती म्हणाली. “आन् मी निघाल्याबिगर शेजारची धोंडाबाई उंबरा वलांडायची न्हाय. भोंग्याचं काय बाबा, त्यो आपला वाजतुया.”

परत येऊन त्यानं उतरंडीत हात घातला. आतल्याला एक नवा शब्द दिला, थांब. म्हैस सुटली नसेल तर घर थांबेल. घर थांबलं तर वाडी थांबेल. मग त्यानं तीच चाचणी पुन्हा लावली. अर्ध्या तासानं पाणी आलं तेव्हा वाडी वाडीतच होती. हौसाआत्या गोठ्यात होती. पडद्यावर ती एक ठिपका होती, तो ठिपका विझला, आणि दिग्विजय बाहेर जाऊन नळाखाली डोकं धरून उभा राहिला.

भोंगा अर्धा नव्हे, दीड तास आधी वाजवला तरच नव्या चाचणीत सगळी वाडी वर पोचत होती; तेवढा आधी हवा, असं त्यानं सांगितलं. साहेब तापले. दीड तास म्हणजे दरवाज्यांचे नियम बदला, वरच्या कचेऱ्यांना विचारा, पुन्हा सगळ्या बैठका. त्यांनी स्वच्छ सांगितलं, की मूळ प्रोग्राम सबनीसबाईंचा आहे आणि तुम्ही त्यात नाक खुपसलंय. बाईंचा शब्द आणा, की हा बदल बरोबर आहे. नाहीतर उद्याच्या बैठकीत जुनीच चाचणी दाखवायची. परस्पर दुसरं काही दाखवलंत तर परवापासून येऊ नका.

म्हणून तो आला होता. वरवर भांडायला आलो असं दाखवत होता, पण खरं सांगायचं तर घाबरलेला होता. बाईंचा शब्द मिळाला की धोका बाईंच्या नावावर जाणार होता.

हे सगळं त्यानं एका दमात सांगितलं. लॅपटॉप उघडून चाचणी दाखवली. म्हैस दाखवली, खुंटा दाखवला. बाई बघत होत्या आणि घेवडा निवडत होत्या...

“दोन घरं एकमेकांसाठी थांबली तर?” त्यांनी विचारलं.

“म्हणजे?”

“हौसाबाई धोंडाबाईसाठी थांबली. धोंडाबाई हौसाबाईसाठी थांबली. कुणीच हलेना. तुझा प्रोग्राम अडकला.”

“अडकू दे.”

“अडकू दे? मी उभी हयात ते होऊ नये म्हणून घालवली.”

“दोन घरं एकमेकांसाठी थांबली तर दोन्ही बुडतात, बाई. तुम्ही म्हणता प्रोग्राम अडकला. मी म्हणतो तो खरं बोलला.”

मग त्यांनी दुसऱ्या बाजूनं धरलं. आतल्याला एकदा थांब म्हणायची मुभा दिली की जो तो थांब म्हणेल, असं त्यांचं म्हणणं. कुणाची भाकरी तव्यावर, कुणाचं पोर दुकानात, कुणाला देवघरातले टाक फडक्यात बांधून घ्यायचेत. असल्या गावाची गाडी हलणार कधी? नियम असतो तो ढिलाईला आवर घालायला असतो.

दिग्विजय ऐकून घेणाऱ्यातला नव्हता. भाकरी तव्यावर असणं म्हणजे ढिलाई नव्हे, तो म्हणाला. तेच त्या घराचं वेळापत्रक. ते भोंगा वाजल्यावर सुरू होत नाही, ते आधीपासून चालूच असतं. तुमचा भोंगा त्यात मध्येच येतो. लोकांना वेळ लागतो तर भोंगा लवकर वाजवा. लोकांना खुंट्यासकट उचलून टेकडीवर ठेवू नका आणि वर टाळ्या वाजवू नका.

शेवटचं वाक्य जरा जास्तच झालं. त्यालाही ते कळलं, पण त्यानं ते मागे घेतलं नाही.

बाहेर दिवेलागण झाली होती. शेजारच्या गोठ्यातून दूध आलं. बाईंनी ते पातेल्यात ओतलं, पातेलं गॅसवर ठेवलं आणि गॅस मोठा केला. मग त्या ओट्याला पाठ लावून, बटणाच्या पुढ्यातच उभ्या राहिल्या.

“साताऱ्याची शेवटची गाडी आहे का तुला?”

“आहे.”

“मग थोडक्यात सांगते. तुझं सगळं मी ऐकलं. आता मी बोलणार आहे. माझं पुरं होईपर्यंत तू जागचा हलायचं नाहीस.”

“बाई, आता मी वर्गात...”

“वर्गातला नियम आहे. तिथं तू मोडलास. इथं पाळलास, तर उद्या सकाळी मी तुझ्या साहेबांना फोन करून शब्द देईन. मोडलास तर शब्द विसर. कबूल?”

एवढंच ना! गप्प बसणं त्याला जड होतं, पण आत्यासाठी तो पहाटेपर्यंत गप्प बसला असता.

“कबूल,” तो म्हणाला, आणि मांडी घालून, दोन्ही हात मांडीवर ठेवून बसला.

बाईंनी सुरुवात केली. आवाज तोच, वर्गातला. घाई नाही, चढउतार नाही. त्या उतरंडीबद्दल बोलायला लागल्या. प्रोग्रामबद्दल नव्हे, आईच्या घरातल्या खऱ्या उतरंडीबद्दल.

सगळ्यात खाली मोठं मडकं, त्यावर त्याहून लहान, त्यावर आणखी लहान. पोरंबाळं धक्का देतील म्हणून उतरंड भिंतीच्या कोनाला मांडलेली. खालच्या मोठ्या मडक्यात ज्वारी, वरती डाळी, त्याच्यावर बियाणं, आणि अगदी वरच्या बोळक्यात काय असे ते आईशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. बाई पोर असताना त्यांना वाटे, खालचं मडकं सगळ्यात थोर. कारण त्याच्यावर सगळ्यांचा भार...

दिग्विजय ऐकत होता. निदान ऐकतोय असं दाखवत होता. त्याचे डोळे बाईंच्या खांद्याच्या पलीकडे गेले होते.

दुधावर साय धरायला लागली होती.

बाई सांगत होत्या, की आई रोज पहाटे उतरंडीसमोर उभी राहायची. कधी ज्वारी हवी असे, कधी डाळ. वरच्या बोळक्यातलं हवं असलं तर काम सोपं. हात वर केला की झालं. पंचाईत व्हायची ती खालच्या मडक्यापाशी.

सायीला कडेनं सुरकुत्या पडल्या. पातेल्याच्या काठाशी बारीक बुडबुडे जमले.

बाईंना दूध दिसत नव्हतं. त्यांची पाठ होती. दिसत नसलं तरी वास येतो, आवाज येतो, बाईमाणसाला कळतंच. पण त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. त्या दिग्विजयकडे बघत होत्या आणि बोलत होत्या.

सांगावं का? बोलणं म्हणजे हलणं नव्हे. पण बाईंच्या नियमात बोलणंही बसत नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं. त्यानं डोळ्यांनी खूण केली. बाईंनी खूण पाहिली आणि बोलणं चालू ठेवलं.

साय मधोमध फुगली...

गप्प बस, त्यानं स्वतःला बजावलं. दोन पेले दूध आहे. जाईल तर जाईल. ओटा पुसता येतो. तिकडे वाडी आहे, आत्या आहे. त्यानं मांडीवरचे हात एकमेकांत घट्ट अडकवले.

“...आणि तळातल्या मडक्यातली ज्वारी हवी असली,” बाई म्हणाल्या, “की आई आधी वरची एकेक...”

दूध वर आलं.

दिग्विजय उठला कधी, ओट्यापाशी पोचला कधी, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. हात आधी गेले आणि डोकं मागून आलं. बटण बाईंच्या आड होतं. सांडशी कुठं आहे ते बघायला उसंत नव्हती. त्यानं नुसत्या बोटांनी पातेल्याचा काठ धरला, उचललं आणि बाजूच्या ओट्यावर टेकवलं. साय काठापर्यंत येऊन थरथरली आणि खाली बसली. एक थेंबही सांडला नाही.

गॅसचा तेवढा आवाज येत होता. बाईंनी मागे हात नेऊन तो बंद केला.

तेव्हा कुठं दिग्विजयला कळलं, की आपण काय करून बसलो.

त्याची बोटं भाजली होती. बाईंनी तांब्यात पाणी भरून त्याच्यापुढे धरलं. त्यानं बोटं बुडवली. बोटं भाजल्याचं दुःख त्याला वाटतच नव्हतं. दोन पेले दूध वाचवलं आणि वाडी घालवली, एवढंच डोक्यात घुमत होतं.

“गेला ना शब्द?” त्यानं विचारलं.

“गेला.”

“बाई, उतू चाललं होतं.”

“मी बोलत होते.”

“तुम्हाला कळत होतं उतू चाललंय ते!”

“माझं वाक्य पुरं झालं नव्हतं.”

दिग्विजयचा तोल गेला. हे असलंच तुमचं सगळं, तो म्हणाला. उतरंडीतही हेच, वर्गातही हेच आणि घरातही हेच. वरच्याचं वाक्य चालू आहे, मग खाली काही का होईना, जळू दे, बुडू दे. माफी मागायला मी आलो नव्हतो आणि मागणारही नाही. पुन्हा ठेवा दूध, पुन्हा उठेन. शब्द द्यायचा नसेल तर नका देऊ, पण माझं चुकलं असं माझ्या तोंडून वदवून घेऊ नका.

तो बोलत असताना बाई जागच्या हलल्या नाहीत. त्याचं शेवटचं वाक्य पुरं होईपर्यंत तशाच उभ्या राहिल्या.

मग त्यांनी दोन पेल्यांत दूध गाळलं, एक त्याच्यापुढे ठेवला. साखर हवी का म्हणून विचारलं. तो नको म्हणाला. रागानं म्हणाला, पण दूध प्यायला. सकाळपासून त्याच्या पोटात काही नव्हतं.

पेला रिकामा झाल्यावर त्यानं लॅपटॉप आवरायला घेतला. पडद्यावर चाचणी अजून उघडीच होती. खाली दोन नावं होती, जुनी आणि नवी. जुनीत म्हैस खुंट्यासकट टेकडीवर होती. नवीत हौसाआत्या गोठ्यात. भाजलेल्या बोटांनी त्यानं दोन्ही बंद केल्या. कुठली उद्या उघडायची, ते त्याला ठाऊक नव्हतं.

त्यानं पिशवी खांद्याला लावली. दारापर्यंत गेला, चपला शोधल्या. दोन्ही उंबऱ्याबाहेर शेजारी शेजारी होत्या.

खाली स्टँडवर गाडी लागल्याचा आवाज आला. तरीही तो निघाला नाही. उंबऱ्याच्या पलीकडे उभा राहिला, पाठमोरा.

“तुमचं वाक्य अर्धं राहिलं,” तो म्हणाला.

“राहू दे.”

“आई आधी वरची एकेक... पुढे काय?”

बाई घेवड्याकडे परत गेल्या होत्या.

तो वळला. आता त्याच्या आवाजात भांडण नव्हतं. लहानपणी शाळेतून मार खाऊन आल्यावर आत्यापुढे उभा राहायचा, तसा उभा होता.

“बाई, उद्या भर बैठकीत साहेब विचारतील. म्हणतील, बदल तुझा, चाचणी तुझी, ठीक आहे. पण बाईंचा शब्द कुठाय? मी काय सांगू?”

बाईंनी एका शेंगेची शीर काढली. शेंग मोडून ताटात टाकली. मग मान वर करून त्याच्या भाजलेल्या बोटांकडे पाहिलं...

“दूध उतरवलंस, तेव्हा कुणाचा शब्द घेतला होतास?”